टेकडी पाहावी निवडून

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपली जुनी माणसे सांगून गेली. बॉस्टन शहराजवळ एक हिवाळा काढल्यावर या दोहोंना तिसरी जोड द्यावीशी वाटते – टेकडी पाहावी निवडून! आपल्याकडे आषाढाची झड लागली, की शनिवारी रात्री घरोघर खल चालतो. सिंहगड की ताम्हिणी? लोणावळा की माळशेज? गाडी किती वाजता काढायची, आजीला झेपेल का, भजी तिथेच खायची की घरून डबा न्यायचा? बॉस्टनकडे हिम पडू लागले, की नेमका हाच खल सुरू होतो. फरक एवढाच, की आपण डोंगर चढायला जातो आणि ती मंडळी डोंगरावरून घसरायला जातात.

घसरण्याचे प्रकार मुख्यतः दोन. दोन पायांना दोन लांब पट्ट्या बांधून, हातांत दोन काठ्या घेऊन, समोर तोंड करून उतरायचे, ते स्कीइंग. दोन्ही पाय एकाच रुंद फळीवर जखडून, एक खांदा पुढे करून आडव्या अंगाने उतरायचे, ते स्नोबोर्डिंग. पहिला प्रकार उत्तरेकडच्या थंड मुलखांत हजारो वर्षांचा जुना. दुसरा अगदी कालचा. १९६५ साली मिशिगन राज्यातल्या शर्मन पॉपेन या गृहस्थांनी आपल्या मुलींना खेळायला म्हणून दोन स्की एकमेकींना जोडून दिल्या. त्या खेळण्यातून ही कल्पना निघाली. १९७७ साली जेक बर्टन कारपेंटर यांनी व्हरमाँट राज्यात अशा फळ्या बनवायला सुरुवात केली आणि १९९८ च्या नागानो ऑलिंपिकमध्ये हा खेळ मानाने जाऊन बसला. त्यामुळे आज एकाच घरात वडील स्कीवर आणि मुलगा फळीवर, असे दोन पंथ सुखाने किंवा दुःखाने नांदताना दिसतात.

माझ्या बहिणीच्या घरात ते कधी सुखाने, कधी दुःखाने नांदत होते. ताई आणि भावोजी बॉस्टनच्या पश्चिमेकडच्या एका उपनगरात गेली अठरा वर्षे राहतात. भाचा पंधरा वर्षांचा, भाची सातची. गेल्या हिवाळ्यात महाविद्यालयातून रजा काढून मी आईला घेऊन तिकडे गेले. आई त्र्याहत्तर वर्षांची. इकडून जाणारी वडीलधारी मंडळी सहसा मे महिन्यात जातात आणि थंडीच्या आत परततात. “हिवाळ्यात तिकडे काय, खिडकीशी बसून राहायचं!” असे सगळ्यांनी आईला बजावले होते.

ताईला हे खिडकीशी बसणे ठाऊक होते. ती म्हणाली, “पहिले दोन हिवाळे मी तशीच काढले गं. साडेचारला अंधार पडायचा. माणूस दिसायचं नाही. मनानं आजारी पडायची वेळ आली होती. मग शेजारच्या बाई म्हणाल्या, घराबाहेर पड, टेकडीवर चल. त्या टेकडीनं मला वाचवलं.” तेव्हा ही टेकडीची चैन नव्हे, ते औषध आहे, एवढे पहिल्याच दिवशी माझ्या ध्यानात आले. दुसरी गोष्ट तिने हळू आवाजात सांगितली. “दोन-तीन वर्षांनी हा कॉलेजला दुसऱ्या गावी जाईल. सगळे एका गाडीत बसतो असे शनिवार आता किती उरलेत, ते मी मोजते.”

आणि नेमक्या या शनिवारांवरूनच घरात धुसफूस होती. भाच्याला मोठा डोंगर हवा. भाचीला मुळात उतारच नको. भावोजींना गर्दी नको. ताईला रात्री उशिरा गाडी चालवणे नको. आईला काय हवे, ते कोणी विचारलेच नव्हते.

त्यांच्या स्वयंपाकघरात फ्रिजवर एक नकाशा चिकटवलेला आहे. बॉस्टनला मध्य धरून भावोजींनी त्यावर पेन्सिलीने चार वर्तुळे काढली आहेत – अर्धा-पाऊण तास, एक तास, दोन तास आणि तीन तास. टेकडी निवडण्याचे सगळे शास्त्र या चार वर्तुळांत आहे, असे ते म्हणतात. मी त्यात थोडी दुरुस्ती सुचवीन. पण आधी शास्त्र.

टेकडीचे पहिले लक्षण म्हणजे तिची उभी उंची. समुद्रसपाटीपासून किती उंच, याला इथे फारसा अर्थ नाही. पाळणा जिथे सोडतो तो माथा आणि जिथून उचलतो तो पायथा, या दोहोंतले उभे अंतर तेवढे महत्त्वाचे. पाळणा म्हणजे तारेला टांगलेल्या खुर्च्यांची अखंड फिरती माळ. तिचा जन्म मोठा गमतीचा आहे. १९३६ साली आयडाहो राज्यातल्या सन व्हॅली इथे अशा खुर्च्या पहिल्यांदा बसवल्या. त्यांची आखणी करणाऱ्या जेम्स करन या रेल्वे कंपनीच्या इंजिनिअरने त्याआधी जहाजांत केळीचे घड चढवण्याची यंत्रे पाहिली होती. आकड्याला घड लटकतो, तसा माणूस का लटकू नये, असा त्याचा साधा विचार!

दुसरे लक्षण रंगांचे. अमेरिकेत प्रत्येक उतारावर पाटी असते. हिरवे वर्तुळ म्हणजे सोपा, निळा चौकोन म्हणजे मध्यम, काळा चौकट-हिरा म्हणजे अवघड, आणि दोन काळे हिरे म्हणजे घरच्यांचा निरोप घेऊन निघावे असा. इथे नवखा माणूस हमखास फसतो. त्याला वाटते, हिरवे ते सगळीकडे सारखेच हिरवे. तसे नाही. प्रत्येक टेकडी आपल्याच उतारांची आपसांत तुलना करून हे रंग देते. माझ्या धंद्याच्या भाषेत सांगायचे तर हा विद्यापीठाचा निकाल नव्हे, हा वर्गातला नंबर आहे. एका वर्गातला पहिला आणि दुसऱ्या वर्गातला पहिला यांत जमीन-अस्मानाचे अंतर असू शकते. लहान टेकडीवरचा काळा हिरा बिनधास्त उतरणाऱ्याने मोठ्या डोंगरावरच्या निळ्या चौकोनालाही आधी लवून नमस्कार करावा.

तिसरे लक्षण बर्फाचे. आपल्या बोलण्यात आकाशातून पडतो तोही बर्फ आणि उसाच्या रसात घालतो तोही बर्फ. पण या दोहोंतला फरक डोक्याला कळला नाही, तर कमरेला कळतो. ईशान्य अमेरिकेतला हिवाळा मोठा चंचल. आज हिम पडते, उद्या त्यावर पाऊस, परवा कडाक्याची थंडी. मग उतारावर काचेसारखा कडक थर धरतो. म्हणून तिकडच्या टेकड्या आकाशावर विसंबून राहत नाहीत. त्या स्वतःचे हिम स्वतः करतात. १९५० साली कनेक्टिकट राज्यातल्या मिलफर्ड गावी वेन पियर्स, आर्ट हंट आणि डेव्ह रिची या तिघांनी पाणी आणि दाबलेली हवा एकत्र फवारून कृत्रिम हिम पाडून दाखवले. आज उताराच्या कडेने उभ्या असलेल्या त्या तोफा रात्रभर घोंघावत असतात.

या यंत्रांचे मर्म आईला लवकर समजले. भावोजी सांगत होते, की नुसती थंडी असून भागत नाही, हवा कोरडीही लागते. दमट हवेत शून्याला हिम होत नाही. हवा अगदी कोरडी असेल तर शून्याच्या जरा वरही होते. आई म्हणाली, “म्हणजे आपल्या माठासारखंच की! विदर्भात माठातलं पाणी गार होतं, कोकणात होत नाही.” भावोजी चकितच झाले. गोष्ट अगदी तीच आहे. थेंबातले थोडे पाणी वाफ होऊन उडते, उडताना उरलेल्या थेंबाची उष्णता घेऊन जाते, आणि हवा जितकी कोरडी तितके हे उडणे जास्त. तेव्हा टेकडी निवडताना एवढेच पाहू नये, की हिम किती पडले. तिच्याकडे यंत्रे किती, आणि गेल्या चार रात्री थंड आणि कोरड्या होत्या का, हेही पाहावे.

आता वर्तुळे. पहिल्या वर्तुळात, शहराच्या दक्षिणेला पंचवीसेक किलोमीटरवर, म्हणजे पुण्याहून सिंहगड असावा तशी, ब्लू हिल्सची टेकडी आहे. तिचा माथा समुद्रसपाटीपासून ६३५ फूट आणि स्कीची उभी उंची अवघी ३०९ फूट. मोठ्या डोंगरांवरचे लोक तिला हसतात. पण हसण्यापूर्वी त्यांनी आपल्या राज्याच्या नावाचा अर्थ पाहावा. मॅसॅच्युसेट्स हे नाव तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतले, आणि त्याचा अर्थ ‘मोठ्या टेकडीपाशी’. ती मोठी टेकडी म्हणजे हीच! माथ्यावर १८८५ पासून हवामानाची वेधशाळा आहे आणि तेव्हापासूनच्या नोंदी सलग ठेवलेल्या आहेत. तिथून बंदर आणि शहराचे मनोरे दिसतात.

भाचीची पहिली शाळा इथे भरली. नवशिक्यांसाठी जमिनीलगत एक पट्टा सरकत असतो. मुले त्यावर उभी राहतात आणि विमानतळावरच्या सामानासारखी अलगद वर जातात. शिक्षक पहिला धडा देतात तो थांबण्याचा. स्कीची पुढची टोके जवळ आणि मागची दूर केली, की वेग कमी होतो. मुलांना ते ‘पिझ्झा कर’ म्हणून सांगतात, कारण आकार पिझ्झाच्या तुकड्यासारखा होतो. भाची तासाभरात अकरा वेळा पडली. बाराव्यांदा पडली नाही. खाली येऊन तिने मला विचारले, “मावशी, तू मोजलंस?” मी मोजले होते.

याच वर्तुळाच्या काठावर, वायव्येला वेस्टफर्ड गावी नॅशोबा व्हॅली आहे. उभी उंची २४० फूट. म्हणजे ब्लू हिल्सहूनही कमी. टेकडी १९६४ पासूनची. इथे रबरी चाकांच्या ट्यूबमध्ये बसून घसरण्याचीही सोय आहे, आणि ज्यांना पायांना काहीच बांधायचे नाही अशा मावश्यांना तेवढे पुरते. शाळा सुटल्यावर मुलांचे जथेच्या जथे अशा टेकड्यांवर येतात आणि दिव्यांच्या उजेडात दोन तास खेळून जेवायला घरी पोचतात.

दुसऱ्या वर्तुळाचा राजा म्हणजे वॉचुसेट. बॉस्टनहून सुमारे ऐंशी किलोमीटर, पुण्याहून खोपोलीइतके. माथा २,००६ फूट आणि उभी उंची एक हजार. १८४२ च्या जुलैत हेन्री डेव्हिड थोरो काँकर्ड गावाहून पायी चालत या डोंगरावर गेला होता, आणि पुढच्या वर्षी त्याने त्या वाटचालीवर निबंध प्रसिद्ध केला. साहित्य शिकवणाऱ्या माणसाला एवढे निमित्त पुरे होते. स्वच्छ दिवशी माथ्यावरून पूर्वेला बॉस्टनचे मनोरे दिसतात. ज्यांच्याकडे मोटार नाही अशा विद्यार्थ्यांना आगगाडीने फिचबर्ग मार्गाच्या शेवटच्या स्थानकापर्यंत जाता येते, आणि त्या स्थानकाचे नावच वॉचुसेट आहे.

पण माझ्या मते या डोंगराचा खरा गुण वेगळाच. इथे घर फुटत नाही. भाच्याला दम लागेल एवढा उतार आहे, भाचीला हिरव्या पाट्या आहेत, भावोजींना रात्रीचे दिवे आहेत म्हणजे दुपारची गर्दी टाळता येते, आणि आईला पायथ्याच्या इमारतीत काचेशी खुर्ची आहे. खिडकीशी बसणे वाईट, असे जे सगळे म्हणत होते, ते खिडकीबाहेर काय आहे हे न पाहता म्हणत होते. आई तीन तास त्या काचेशी बसली होती. कोण कसा पडतो आणि पडल्यावर कोणाला कोण उठवते, यावर तिचे बारीक लक्ष. “मघापासून तो म्हातारा बघ,” ती मला म्हणाली, “माझ्याच वयाचा असेल. सातव्यांदा खाली आला.” परतताना गाडीत तीच सगळ्यांत जास्त बोलत होती.

डब्याचाही प्रश्न इथे सुटतो. बहुतेक टेकड्यांच्या पायथ्याच्या इमारतींत घरचे खाणे घेऊन बसलेली कुटुंबे दिसतात. ताईच्या डब्यात दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि थर्मासात आल्याचा चहा. बर्फातून आलेल्या माणसाला दशमीची जी चव लागते, ती पुण्यात कितीही तूप घातले तरी लागायची नाही.

तिसऱ्या वर्तुळासाठी उत्तरेला न्यू हॅम्पशायर राज्यात शिरावे लागते. अलीकडे हेनिकर गावचे पॅट्स पीक. उभी उंची ७७० फूट आणि स्वभाव घरगुती. त्यापुढे तळ्याकाठचा माउंट सुनापी. दीड हजार फूट. आणि महामार्गाने थेट उत्तरेला दोन-सव्वादोन तासांवर लून. अंतर पुणे-नाशिकएवढे, उभी उंची २,१०० फूट. राज्याचे माजी गव्हर्नर शर्मन ॲडम्स यांनी १९६६ साली तो सुरू केला. त्याहून थोडे पुढे, दोन्ही बाजूंनी कडे चालून येतात अशा खिंडीत, कॅनन. हा राज्याच्या मालकीचा डोंगर. उत्तर अमेरिकेतला पहिला प्रवासी रोपवे १९३८ साली इथे सुरू झाला. १९८० मध्ये त्याच्या जागी दुसरा आला आणि तोही वय झाले म्हणून २०२५ साली थांबवण्यात आला. याच डोंगराच्या कड्यावर म्हाताऱ्याच्या चेहऱ्यासारखा दिसणारा एक प्रचंड खडक होता. नॅथॅनियल हॉथॉर्नने त्यावरून कथा लिहिली, राज्याने त्याला आपले चिन्ह केले, आणि ३ मे २००३ रोजी तो चेहरा कोसळला. आता तिथे जाणारे लोक रिकाम्या कड्याकडे बोट दाखवून मुलांना सांगतात, की इथे होता.

कॅननचे उतार वाऱ्याचे आणि कडक बर्फाचे. जवळच्याच गावात वाढलेला बोडी मिलर तिथे शिकला आणि २०१० साली ऑलिंपिकचे सुवर्णपदक घेऊन आला. भाच्याच्या खोलीत त्याचे चित्र आहे. त्यामुळे तिथे जायचा हट्ट अर्थातच त्याचा.

चौथे वर्तुळ व्हरमाँटचे. किलिंग्टन इथे उभी उंची तीन हजार पन्नास फूट आणि अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर, म्हणजे पुण्याहून सोलापूर. २०१६ पासून अनेक वर्षे तिथे स्त्रियांच्या जागतिक स्पर्धा झाल्या आणि त्या पाहायला हजारोंची जत्रा लोटत असे. वाटेवर वुडस्टॉक नावाचे देखणे गाव लागते. १९३४ च्या जानेवारीत या गावातल्या एका कुरणाच्या उतारावर अमेरिकेतला पहिला ओढदोर बसला. फोर्डच्या जुन्या मोटारीच्या इंजिनाने एक लांब दोर फिरवायचा आणि लोकांनी तो धरून वर सरकायचे, एवढेच यंत्र. त्याआधी दिवसभर चढून दोनचारदाच घसरायला मिळे. दोराने तो हिशेब उलटा केला.

याच राज्यात मॅड रिव्हर ग्लेन हा डोंगर आहे. १९९५ पासून तो तिथे खेळणाऱ्यांच्या सहकारी संस्थेच्या मालकीचा आहे. सहकाराच्या प्रांतातून गेलेल्या मला साखर कारखान्याची आठवण झाली! तिथे अजून एकेकट्या माणसाची खुर्ची चालते. पण स्नोबोर्डला तिथे बंदी आहे. अख्ख्या अमेरिकेत अशी तीनच ठिकाणे उरली आहेत. बाकीची दोन यूटा राज्यात. म्हणजे भावोजींना जायला मोकळीक आणि त्यांच्या मुलाला नाही. नकाशावर भाच्याने त्या नावावर रागाने फुली मारली आहे, आणि भावोजींनी ती पुसलेली नाही.

इथवर झाले शास्त्र. आता माझी दुरुस्ती. ही वर्तुळे बॉस्टनपासून बाहेर जाताना मोजलेली आहेत. ती परतताना मोजावीत. सकाळी सहाला निघालेल्या माणसाला दोन तास म्हणजे दोनच तास असतात. संध्याकाळी पाचला, पाय भरून आलेले, मुले मागे झोपलेली, रस्त्यावर दिसत नाही असा काळा बर्फ, रविवारी उत्तरेहून शहराकडे परतणाऱ्या गाड्यांची रांग, आणि कडेला ‘मूससाठी ब्रेक लावा’ अशी पाटी – अशा वेळी त्याच दोन तासांचे तीन होतात. मूस म्हणजे घोड्याहून उंच सांबरच! गाडी चालवणाराही दिवसभर खेळलेलाच असतो. लांबचा डोंगर निवडायचा, तर रात्रीचा मुक्काम धरूनच खर्च मांडावा.

खर्चही लहान नाही. मोठ्या डोंगरांवर ऐन सुटीत एका माणसाचे एका दिवसाचे तिकीट दीडशे डॉलरच्या वर सहज जाते. बूट, स्की आणि शिरस्त्राण यांचे भाडे निराळे. वर्षभराचे पास मिळतात. २००८ पासून एपिक आणि २०१८ पासून आयकॉन हे दोन मोठे पास अनेक डोंगरांना मिळून चालतात. पण पास घेतला की माणूस त्याच्या डोंगरांना बांधला जातो, आणि ‘पैसे वसूल’ करण्यासाठी नको त्या हवेत धावतो. नवशिक्याने छोट्या टेकडीवरचा धडा, भाड्याचे सामान आणि सोप्या पाळण्याचे तिकीट असा एकत्र सौदा घ्यावा. तिकीट आधी काढून ठेवले तर बहुधा स्वस्त पडते. फेब्रुवारीत मॅसॅच्युसेट्सच्या शाळांना आठवडाभर सुटी असते; त्या आठवड्यात जवळच्या टेकड्यांच्याही वाटेला जाऊ नये. आणि अंगाला चिकटून सुती कपडा अजिबात नको. तो घामाने भिजतो, वाळत नाही आणि थंडी हाडांत नेतो. आत लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा पातळ थर, वर वारा अडवणारे जाकीट.

मग भाच्याचे काय? मोठा डोंगर हवा, हे त्याचे म्हणणे वयाला धरूनच होते. त्याला मी उपदेश केला नाही; वर्गात तेवढा पुरतो. भावोजींनी मात्र एक गोष्ट सांगितली. मिनेसोटा राज्यात मिनिआपोलिस शहराजवळ बक हिल नावाची टेकडी आहे. उभी उंची तीनशे फुटांच्या आसपास. म्हणजे आपली ब्लू हिल्सच. तिथे ऑस्ट्रियाहून आलेले एरिक सेलर मुलांना शिकवीत. त्यांच्या हाताखाली लहानपणी घोटून निघालेली लिंडसे व्हॉन पुढे २०१० च्या ऑलिंपिकमध्ये उतरणीच्या शर्यतीत सुवर्णपदक जिंकली. कारण साधे आहे. मोठ्या डोंगरावर एक खेप लांब असते आणि वर जायला वेळ लागतो. लहान टेकडीवर पुन्हा वर, पुन्हा खाली, एका संध्याकाळी तीस-चाळीस खेपा. आपल्याकडे त्याला रियाज म्हणतात.

भाचा लगेच विरघळला असे नाही. पण घरात तह झाला. महिन्यातले दोन शनिवार वॉचुसेट किंवा त्याच्या आतले, सगळ्यांनी मिळून. एक शनिवार-रविवार मुक्कामासह लांबचा, आणि त्या वेळी डोंगर भाच्याने निवडायचा. चौथ्या शनिवारी घरी. पहिल्या लांबच्या फेरीला त्याने लून निवडला. दिवसभर खेळून संध्याकाळी तो मुक्कामी परतला, तेव्हा आजीला सगळे उतार त्याने जेवणाच्या टेबलावर चमच्यांनी मांडून दाखवले. तेवढे बोलताना मी त्याला आधी पाहिले नव्हते.

या सगळ्यात एक बोचरी गोष्ट मला कळली, ती सांगितलीच पाहिजे. बॉस्टनहून १९३१ च्या जानेवारीत पहिली ‘हिमगाडी’ सुटली होती. त्या काळापासून न्यू इंग्लंडच्या सहा राज्यांत गावोगाव टेकड्या उभ्या राहिल्या. कुणाच्या शेतात, कुणाच्या शाळेमागे. त्यांतल्या सहाशेहून अधिक आज बंद आहेत. विम्याचे हप्ते वाढले, यंत्रांचा खर्च परवडेना, महामार्गांनी माणसे लांबच्या डोंगरांकडे नेली, आणि हिवाळे उबदार होत चालले. रानात भटकताना मध्येच झाडी विरळ झालेली सरळ पट्टी दिसते आणि गंजलेला एखादा खांब उभा असतो. तो उतार कुणाच्या तरी बालपणी बारा वेळा पडून शिकण्याचा होता. मोठ्या डोंगरांना लांबून माणसे येत राहतील. लहान टेकडीला आसपासच्या घरांचे शनिवार लागतात.

म्हणून तिकडे लेक, मुलगा, भाचा, पुतण्या असलेल्या वाचकांना सांगावेसे वाटते, की एकदा तरी हिवाळ्यात जा. गाडीत बसणाऱ्यांत सर्वांत कच्चा कोण आणि सर्वांत थकणारा कोण, ते पाहा. त्या दोघांना जी टेकडी आनंदाने झेपेल ती त्या दिवसाची टेकडी. उंच डोंगर मुलांसाठी जरूर राखून ठेवा, पण त्याला मुक्काम जोडा. आणि डब्यात दशम्या विसरू नका.

हा अंक तुमच्या हाती पडेल, तेव्हा तिकडे झाडांची पाने गळून गेली असतील आणि थंड, कोरड्या रात्रीची वाट पाहत उतारांच्या कडेला तोफा मांडल्या जात असतील. आईने मला परवाच विचारले, “यंदा रजा शिल्लक आहे का गं तुझी?” भाचीने फोनवर तिला कळवले होते, की या वर्षी ती निळ्या चौकोनावर जाणार आहे आणि मोजायला कोणीतरी हवे आहे.